एकतीस नंबर

लिफाफा फाडला तेव्हा ती हसत होती. पाच वर्षं जपलेलं गुपित आज उघडायचं होतं, कुठल्या नळीतलं रक्त कुणाचं ते. विसरण्याचा आजार रक्तावरून आधीच ओळखता येतो का, हे त्या प्रयोगशाळेत शोधत होते. नळ्यांवर नुसते आकडे असत. नावांची यादी एकट्या सरांकडे. तुलनेसाठी लागणारी निरोगी माणसं कर्मचाऱ्यांनी आपापल्या घरूनच आणली होती. तिनेही आईला आणलं होतं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल गं फक्त," अशी लाडीगोडी लावून.

त्या निरोगी गटात एकतीस नंबर पहिल्यापासून वाकडा चालत होता. मेंदूतून रक्तात झिरपणारं प्रथिन दरवर्षी वाढलेलं, आणि शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी खवळलेल्या.

"कुंपणच शेत खातंय की हो," ती दर वेळी सरांना म्हणायची. "या स्वारीचं काही खरं नाही."

सर कधी हसले नव्हते.

यादीत एकतिसासमोर आईचं नाव होतं. सोबत संमतिपत्र. 'काही आढळल्यास कुणाला कळवावे?' यापुढे आईच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त मला. मुलीला मुळीच नाही.' त्याखाली सरांची नोंद, 'कळवले.' तारीख तीन वर्षांपूर्वीची.

"सर, तीन वर्षं!" तिचा आवाज चिरकला. "शेजारच्या टेबलावर बसते मी. रोज एकत्र डबा खातो आपण."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"त्यांनी बजावलं होतं. आणि नियमही तोच आहे."

"आणि मी खिदळत होते, तेव्हा?"

सरांनी यादी उचलून परत लिफाफ्यात सरकवली.

घरी दार बाबांनी उघडलं. तिचा चेहरा पाहून ते बाजूला झाले.

"कळलं वाटतं," एवढंच म्हणाले.

म्हणजे यांनाही! सगळ्यांना ठाऊक, आणि जिचं हे रोजचं काम, तीच आंधळी. फ्रिजवरच्या त्या चिठ्ठ्या, आईने अचानक बंद केलेल्या शिकवण्या, "वय झालं गं आता" म्हणून टाळलेले प्रश्न. किती सफाईने फसवलं सगळ्यांनी मिळून! खांद्यावरची पर्सही न काढता ती स्वयंपाकघरात शिरली.

आई चहा उकळत होती.

"पोटच्या पोरीला परकं केलंस," ती म्हणाली. "का गं आई?"

आईने गॅस बारीक केला.

"तुला कळलं असतं, तर तू माझ्याशी बोलली नसतीस. मला तपासत बसली असतीस. तपासणारे ढीगभर मिळतात गं. लेक एकच आहे."

"काहीतरीच! मी असं केलं असतं?"

"बरं बाई, चुकलं माझं. रडू नकोस, चहा घे आधी." आईने हात पुढे केला. "ते दे जरा, ते… चहाचं… ते हे गं…"

गाळणी लेकीच्या हाताशीच टांगलेली होती. पण तिचा हात हलला नाही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

शेवटी आईनेच वाकून गाळणी काढली. दोन कप भरले, एक तिच्यापुढे सरकवला.

"किती सेकंद लागले?" आईने विचारलं.