एकही शब्द न बदललेलं पान

बिशपच्या माणसांना त्या सकाळी लेखनिकांच्या गल्लीत इंग्रजीत उतरवलेलं, बंदी असलेलं चोरटं बायबल सापडलं होतं, आणि ते थर्स्टनच्याच हातचं होतं. असल्या पुस्तकापायी मागच्याच महिन्यात एका शिंप्याला भर बाजारात जिवंत जाळलं होतं. तो वास थर्स्टनच्या नाकातून अजून गेला नव्हता.

ते लिहिताना अक्षराचं वळण त्याने बदललं होतं. पण शब्दांचं काय? नक्कल करताना परमुलखातला शब्द आला की लेखनिक खुशाल आपल्याकडचा टाकतो आणि पुढे जातो. त्याला कोणी चूक म्हणत नाही. थर्स्टन उत्तरेतल्या यॉर्ककडचा. इथे दक्षिणेत ज्याला 'चर्च' म्हणतात ते त्याच्याकडे 'कर्क', आणि त्या बायबलात पानोपानी कर्क होतं.

दुपारी गल्लीतल्या सहाही लेखनिकांना बिशपच्या कचेरीत बसवलं. सहांतले तिघे उत्तरेकडचे. इथल्याच कुणीतरी लिहिलेल्या प्रवचनाचं एकेक पान सगळ्यांपुढे आलं.

"याची नक्कल करा. घाई नाही," अधिकारी मास्टर एलिस म्हणाला.

थर्स्टनची पाचावर धारण बसली. दर ओळीला टाकाच्या टोकाशी कर्क येई. ते मागे ढकलून तो चर्च लिही. मुलाला 'बेर्न' लिहायला हात वळे, तो जबरदस्तीने 'चाइल्ड' लिही.

"अरे, माझी आजी याहून भरभर लिहील," शेजारचा रँडल कुजबुजला. "आणि तिला लिहिता येत नाही."

थर्स्टनने पान तीनदा तपासलं. एकही शब्द घरचा नव्हता. तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

एलिसने सगळी पानं सावकाश वाचली.

"रँडल, सगळीकडे कर्क. लंडनचा माणूस हे वाचताना रडेल."

"रडू दे, मास्टर. आईने शिकवलं तेच लिहिणार ना?"

"ह्यू, तुझंही तेच. थर्स्टन, तू मात्र मुळातला एकही शब्द हलवला नाहीस."

"जपून केली, मास्टर."

"गेल्या वर्षी तू आम्हाला एका संताचं चरित्र करून दिलंस. तेही इथल्याच प्रतीवरून. त्यात कर्कच कर्क आहे." एलिसचा आवाज जराही चढला नाही. "तुम्हा तिघांतला कोण, हे मला काही केल्या कळत नव्हतं. या दोघांना आज काही लपवावंसं वाटलं नाही."

रोजच्यासारखं निष्काळजीपणे लिहिलं असतं तर तो तिघांतला एक राहिला असता.

रँडलने टोपी चढवली. त्याला यातलं काही उमजलं नव्हतं.

"चल की रे, थर्स्टन. आज पाजायची पाळी तुझी आहे."

"तुम्ही व्हा पुढे," एलिस म्हणाला. "तो थांबतोय."