बारावा कागद

त्या कारखान्यात शर्ट शिवले जात आणि दुखणी लपवली जात, आणि दोन्ही कामं सारख्याच सफाईने चालत. तीस बायका, तीस मशीन, आणि कोणाची मान धरलीय, कोणाची कंबर गेलीय हे ना कोणी विचारायचं, ना कोणी सांगायचं. अळीमिळी गुपचिळी. मलम लावायचं तर संडासात जाऊन, तेही बिनवासाचं, कारण सुपरवायझरचं नाक तिखट होतं. त्याला सगळ्या ‘शिट्टी’ म्हणत, कारण बायकांना नावाने हाक मारायचे कष्ट तो घेत नसे, शिट्टी वाजवी. पूर्वी एक बाह्या जोडणारी भोळेपणाने त्याला म्हणाली होती, "साहेब, दुपारनंतर खांदा भरून येतो हो." शिट्टीने मोठ्या मायेने तिला धागे कापायच्या टेबलावर बसवलं, म्हणाला, जरा आराम पडेल. महिन्याभरात तिला घरीच आराम दिला. तेव्हापासून बायका शहाण्या झाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कॉलरमावशी या कलेत सगळ्यांत पटाईत. एकोणीस वर्षं ती कॉलरी शिवत होती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली दोन वर्षं तिला धड कळत नव्हती. कॉलरीचं टोक उलटून काढताना ती डाव्या अंगठ्यावर भागवून न्यायची आणि शिट्टी जवळ आला की मुद्दाम काहीतरी गुणगुणायची. हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक तिची मुलगी आणि दुसरी शेजारच्या मशीनवरची काजवाली.

काजवाली आणि मावशी एकाच आठवड्यात कामाला लागल्या होत्या. मावशीचा नवरा गेला तेव्हा मुलगी सहावीत होती. पुढे मुलीच्या परीक्षा आल्या की काजवाली आपली काजं उरकून मावशीच्या उरलेल्या कॉलरी शिवून टाकायची आणि म्हणायची, "जा तू घरी. पोरीला गरम खायला घाल, नाहीतर नापास झाली तर खापर माझ्या डोक्यावर." मुलगी नापास झाली नाही. शिकत शिकत चक्क फिजिओथेरपिस्ट झाली. मावशीला तो शब्द नीट म्हणता यायला तीन महिने लागले, आणि एकदा म्हणता आल्यावर ती तो गरज नसतानाही वापरू लागली.

मुलगी ज्या दवाखान्यात नोकरीला होती, त्याला कारखान्याच्या मॅनेजरने एक काम दिलं. आठ आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी अर्धा तास, बायकांना नीट बसायला शिकवायचं. मान, खांदे, पाठ यांचं दुखणं सुरूच होऊ नये म्हणून काय करायचं ते सांगायचं. शिकवायला आली ती मावशीचीच लेक. पांढरा कोट घालून ती मशीनच्या रांगांमधून चालत आली, तेव्हा मावशीच्या हातून एक कॉलर उलटी शिवली गेली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिल्या दिवशी मुलीने प्रत्येकीला एक कागद दिला. त्यावर माणसाची आकृती काढलेली, एकदा समोरून, एकदा पाठमोरी. जिथे दुखतं तिथे लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा. दुखणं जास्त असेल तर ठिपके जास्त. वर नाव. अर्ध्या तासाने तीस कागद परत आले, कोरे करकरीत. एकीने तेवढं माणसाच्या आकृतीला कुंकवाएवढा एक ठिपका कपाळावर दिला होता, आणि तोही शिट्टीमुळे डोकं दुखतं म्हणून.

संध्याकाळी मुलगी घरी येऊन धुसफुसत बसली. "आई, दुखतं कुठे हेच सांगणार नसतील तर मी शिकवू काय, कप्पाळ? प्रत्येकीची खुर्ची वेगळी, उंची वेगळी. तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतील."

"नावं घालून कागद द्यायचा म्हणजे त्या घाबरणारच. मी पण घाबरते."

"नावं फक्त माझ्यासाठी. कोणालाच दाखवणार नाही मी."

"शिट्टीला?"

"आई, तुझी शपथ."

मावशीने ते कागद परत नेले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर आधी स्वतःचा भरला. मान, उजवा खांदा, कोपर, ती दोन बोटं. बारा-तेरा ठिपके झाले. बायका डोळे फाडून बघत राहिल्या. इतकी वर्षं शेजारी बसून काजवालीशिवाय कोणाला पत्ता नव्हता. मग एकेक जण पेन्सिल मागू लागली. सगळ्यांत शेवटी काजवाली.

"तुझ्या पोरीवर विश्वास आहे म्हणून नाही हं," ती ठिपके देत म्हणाली. "तुझ्यावर आहे म्हणून."

तिच्या कंबरेवर सहा ठिपके पडले आणि डाव्या पायावर खालपर्यंत रांग. त्या पायाला मुंग्या येतात हे तिने मावशीलाही कधी सांगितलं नव्हतं.

मुलगी खरंच चांगलं शिकवायची, हे आजही नाकारता येत नाही. खुर्च्या कमी-जास्त उंचीच्या करून घेतल्या. ज्यांची खुर्ची जुनी होती त्यांना कमरेमागे कापडाची घट्ट गुंडाळी ठेवायला लावली. पेडलवरचा पाय दर तासाला बदलायचा, मनगट वाकडं ठेवायचं नाही, कापडाकडे मान नेण्यापेक्षा कापड वर आणायचं. बॉबिन बदलायला उठलात की दोन्ही हात मागे धरून छाती पुढे काढायची, एवढंच, दहा आकडे. "दुखायला लागल्यावर करायचं नाही, मावश्यांनो. दुखत नसताना करायचं. दात दुखेपर्यंत घासायचे थांबता का तुम्ही?" बायका हसायच्या. आधी लाजत, मग चढाओढीने छात्या पुढे निघू लागल्या. शिट्टी तोंड वाकडं करून जायचा आणि त्याच्या पाठीमागे एक जण हळूच म्हणायची, "साहेब, पोक काढू नका."

काजवालीला मुलगी जास्त वेळ द्यायची. तिच्या कमरेवर तळवा ठेवून श्वास कसा घ्यायचा ते दाखवायची. सातव्या आठवड्यात काजवालीने जाहीर करून टाकलं की कंबर दुखायची थांबली, पायाच्या मुंग्याही कुठे गावाला गेल्या. शेवटच्या दिवशी तिने मुलीला जवळ घेतलं. मुलीला रडू आलं. मावशीला वाटलं, सगळ्या कष्टांचं चीज झालं ते हेच.

पुढच्या शुक्रवारी, काम सुटायच्या जरा आधी, शिट्टीने मशीन बंद करायला लावली. त्याच्या हातात एक यादी होती. त्या दिवशी त्याने शिट्टी वाजवली नाही, नावं वाचली. अकरा नावं. या अकराजणींच्या तब्येतीला हे काम झेपणार नाही असं व्यवस्थापनाचं मत आहे, म्हणून सोमवारपासून त्यांनी येऊ नये. प्रत्येक नावापुढे तो कारणही वाचत गेला. "मान आणि दोन्ही खांदे. उजवं मनगट. पाठीचा मधला भाग." काजवालीच्या नावापुढे त्याने वाचलं, "कंबर, आणि डाव्या पायाला मुंग्या."



काजवाली उठून उभी राहिली. "अहो साहेब, ते तेव्हाचं. आता नाही दुखत. बघा हवं तर," म्हणून तिने खरोखर वाकून जमिनीला हात लावून दाखवला. साठीला टेकलेली बाई, तीस जणींसमोर. शिट्टीने यादीची घडी घातली. "कागदावर आहे ना," तो म्हणाला.

मावशी आपलं नाव यायची वाट बघत होती. सगळ्यांत जास्त ठिपके तिचे होते. यादी संपली तरी नाव आलं नाही. मग हळूहळू माना तिच्याकडे वळल्या. यादीतली एक कफ शिवणारी डबा पिशवीत टाकत सरळ म्हणाली, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." मावशीने काजवालीकडे पाहिलं. काजवालीने खुर्चीमागची कापडाची गुंडाळी काढली, उलगडली, नीट घडी केली आणि निघून गेली.

घरी मुलगी चहा टाकत होती. मावशीने चप्पलही काढली नाही.

"यादी कुठून गेली?"

मुलीच्या हातातली गाळणी तशीच राहिली. मग ती भराभरा बोलू लागली. मॅनेजरने दवाखान्याकडे अहवाल मागितला होता. कोणाला कुठली खुर्ची द्यायची ते ठरवायचंय, म्हणाले होते. डॉक्टरांनी सांगितलं नावांसकट द्या, पैसे त्यांनी दिलेत, कागद त्यांचेच. "मला काय माहीत ते असं करतील, आई? मी तर चांगल्यासाठीच दिलं."

मावशी स्टुलावर बसली. तिला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे पोर फसली. पोर भोळी आहे, तिला मोठ्या माणसांनी गुंडाळलं, एवढंच. शपथ मोडली खरी, पण कपटाने नाही. हे काजवालीला सांगता येईल. हे कोणालाही सांगता येईल. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला उचललासुद्धा, आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं ते तिने सहज विचारलं.

"मग माझं नाव कसं नाही त्यात?"

मुलीने चहात पुन्हा साखर टाकली.

"अगं, माझे तर सगळ्यांत जास्त ठिपके."

"तुझा कागद मी काढून ठेवला होता."

"कधी?"

"द्यायच्या आधी."

चहा उतू गेला. दोघींपैकी कोणी गॅस बंद केला नाही, मग मुलीनेच केला.

"खुर्च्या द्यायला नेत होते ना?" मावशी म्हणाली. "मग मला खुर्ची नको होती का?"

"आई, मला नुसती शंका होती. मी डॉक्टरांना एकदा नाही म्हटलं. ते म्हणाले, मग दुसरी कोणीतरी देईल आणि तू घरी बस. मी काय करायला हवं होतं? आपल्या दोघींच्या नोकऱ्या गेल्या असत्या. मी निदान तुला वाचवलं."

"तू मला वाचवलं नाहीस," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला त्यांच्यात उभं केलंस आणि त्यांचा गळा माझ्या हाताने कापलास. केसाने कापलास गं. कधी दिलास तो अहवाल?"

"सहाव्या आठवड्यात."

मावशी उठली आणि तशीच बाहेर पडली.

काजवालीचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, तिसऱ्या मजल्यावर. काजवालीने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही, पण दारातून बाजूला झाली. दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहिल्या. मग काजवालीच बोलली.

"मी विचार केला वाटेत. तुझ्या पोरीचा दोष नाही. लहान आहे ती. कागद काढून घेतले असतील तिच्याकडून, फसवलं असेल. तू तिच्यावर चिडू नकोस."

थोड्या वेळापूर्वी मावशीने हेच मानलं होतं आणि तिला केवढं बरं वाटलं होतं. आता नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. लेक राहिली असती, मैत्रीण राहिली असती. काजवाली वाट बघत होती, तिलाही ते हवंच होतं.

"नाही," मावशी म्हणाली. "तिला ठाऊक होतं. माझा कागद तिने आधीच बाजूला काढला होता. सहाव्या आठवड्यात दिलं सगळं."

काजवाली ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती. सहावा, सातवा, आठवा.

"म्हणजे शेवटचे दोन आठवडे," ती म्हणाली, "माझ्या कमरेवर हात ठेवून श्वास घे, श्वास सोड म्हणत होती, तेव्हा माझं नाव देऊन झालं होतं?"

"हो."

"हे सांगायला नको होतंस गं."

"सोमवारी मी माझा कागद शिट्टीच्या टेबलावर नेऊन टाकते. मीही नाही बसणार तिथे."

"त्याने माझं काय परत येणार आहे?"

"मग मी काय करू ते तू सांग."

"मला नको विचारूस," काजवाली म्हणाली. "तुझं ऐकून एकदा केलं मी. आता माझं ऐकून तू काही करू नकोस." आणि तिने दार उघडून धरलं.

मावशी घरी आली तेव्हा मुलगी दारातच उभी होती. डोळे सुजलेले. मावशी कॉटच्या कडेला बसली. जिन्याचा कठडा धरून चढता-उतरता तिचा उजवा हात कोपरापासून बधिर झाला होता आणि मांडीवर मेल्यासारखा पडला होता. मुलीने ते बघितलं. ती समोर गुडघ्यांवर बसली आणि तो हात धरायला तिने दोन्ही हात पुढे केले.

"हात लावू नकोस मला," मावशी म्हणाली, आणि पाठीला पोक काढून तशीच बसून राहिली.