शंखद्वीपचा सातवा भाग

मेघांक नाखव्याच्या जहाजाला जलसर्पानं विळखा घातला आणि नेमकं त्याच वेळी भाटघर धरणाच्या मधोमध लाँचचं इंजिन बंद पडलं. रियाज सुकाणू सोडून खाली वाकला आणि डिझेलच्या नळीत अडकलेली हवा काढायला लागला. मागं बसलेल्या कुंडलिकला इंजिनाची फिकीर नव्हती.

"इंजिन हुईल चालू," तो म्हणाला. "सापाचं पुढं काय झालं त्ये सांग."

बाकीच्यांनाही सापाचंच ऐकायचं होतं. कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या बाळाबाईनंही मान डोलावली. फक्त कडेला बसलेली साळूबाई पाण्याकडे बघत होती. सगळे गप्प झाल्यावर तिनं विचारलं, "आन् त्या सुवेलेचं काय झालं?"

"तिचं काय लिवल्यालं न्हाई, मावशी," रियाज खालूनच म्हणाला.

"बरं," साळूबाई म्हणाली.

रियाज भोरचा. दहावीत नापास झाल्यावर तो लाँचवर हरकाम्या म्हणून लागला आणि पुढं त्याच लाँचचं सुकाणू त्याच्या हातात आलं. पलीकडच्या वाड्यांना तेव्हा धड रस्ता नव्हता. दळण, बाजार, दवाखाना, सगळं या पाण्यावरून. दोन फेऱ्यांच्या मधे नुसतं बसून राहायचं, म्हणून तो भोरच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचा. त्यातच एकदा 'शंखद्वीप'चा पहिला भाग हाती लागला. पुण्यातल्या कुणा लेखकानं सात भागांत लिहायला घेतलेली समुद्राची कथा होती ती. बुडालेल्या सूर्याचा मणी शोधायला मेघांक 'हंसिनी' जहाज घेऊन निघतो आणि त्याची बायको सुवेला त्याला बंदरावर निरोप देते, तिथून सुरुवात. पुढं बेटं, लढाया, बोलणारे देवमासे.

वाचलेलं पोटात राहीना, म्हणून रियाज ते उतारूंना सांगायला लागला. सांगताना त्याच्या तोंडी गोष्टीचं रूप पालटायचं. समुद्रराजाचे कारभारी तलाठ्यासारखे बोलायचे आणि देवमासा लाँचच्या इंजिनासारखा घोरायचा. ऐकणाऱ्यांपैकी कुणी समुद्र पाहिला नव्हता, पण पाणी त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आज्या-पणज्यांची शेतं याच पाण्याखाली गेली होती. वर्षा-दोन वर्षांनी नवा भाग यायचा, आणि बाजाराला जायचं नसलेली माणसंही लाँचमध्ये येऊन बसायची.

प्रत्येक भागात साळूबाई तेवढंच विचारायची. असं का, ते रियाजला पुढं बाळाबाईकडून कळलं. साळूबाईचा नवरा चिमाजी एका दिवाळीनंतर मुंबईला गोदीत कामाला गेला. दोन-तीनदा निरोप आला, मग तोही बंद झाला. मेला म्हणावं तर खबर नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. साळूबाईनं भाताची खाचरं एकटीनं कसली आणि लेक वाढवली. वाडीत त्याबद्दल कुणी तिला काही विचारत नसे आणि तीही कुणाला सांगत नसे.

हे कळल्यावर चौथा भाग सांगताना रियाजनं पदरचं घातलं. सुवेला भावाकडं सुखात आहे, असं तो बोलून गेला. साळूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. "ह्ये पुस्तकात न्हाई, व्हय ना?" तिनं विचारलं. तो ओशाळला. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली की लिहिणाऱ्याला जेव्हा आठवेल तेव्हा तो लिहील. त्यानंतर रियाजनं सुवेलेच्या बाबतीत एक शब्दही आपला घातला नाही.

सहावा भाग वादळात संपला, आणि साप अजून जिवंतच होता. सातव्याची वाट बघत असतानाच धरणाच्या कडेनं रस्ता झाला. जीपगाड्या वाड्यांपर्यंत जायला लागल्या, लाँचच्या फेऱ्या कमी झाल्या आणि एका उन्हाळ्यात लाँच बंदच झाली. रियाजला वाईट वाटलं, पण आजारी माणूस आता लवकर दवाखान्यात पोचतं, हेही त्याला दिसत होतं. तो नसरापूरला शेअर रिक्षा चालवायला लागला. साळूबाईला दम लागायला लागला होता, म्हणून तिची लेक सखूबाई तिला मार्गासनीला आपल्या घरी घेऊन गेली. उतारू पांगले. लेखक आजारी आहे, सातवा भाग बहुतेक येणार नाही, असं वाचनालयात कानावर यायचं.

आणि एका हिवाळ्यात सातवा भाग आला.

जाडजूड पुस्तक घेऊन रियाज रिक्षात बसला, पहिलं पान उघडलं आणि त्याला वाचवेना. समोर कुणी बसलेलंच नव्हतं. त्यानं पुस्तक मिटलं, आणि शुक्रवारी नमाज झाल्यावर रिक्षा मार्गासनीच्या रस्त्याला लावली.

साळूबाई पडवीत खाटेवर पडून होती. निम्मी झाली होती. त्याच्या काखेतलं पुस्तक बघून तिनं नुसतं "आलं?" असं विचारलं. सखूबाईनं रियाजला बाजूला घेऊन सांगितलं की डॉक्टरांनी काळजात दम नाही म्हटलंय, तेव्हा एवढं मोठं पुस्तक कशाला, शेवटचंच वाचून दाखवा. ते साळूबाईनं ऐकलं.

"लाँच मधीच थांबवून कदी उतरलो का आपुन?" ती म्हणाली. "जाऊ दे वळीनं."

मग दर शुक्रवारी तो जायला लागला. शेजारपाजारची दोन-चार माणसं येऊन टेकायची. कुंडलिक एकदा खास सापासाठी आला आणि साप पहिल्याच प्रकरणात मेल्याचं ऐकून हळहळत परत गेला. घरी रियाजची बायको मलिका म्हणायची की शेवट आधी बघून घ्या, वाईट असेल तर म्हातारीला कसं सांगायचं ते तरी ठरवता येईल. रियाजनं पुस्तक कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलं. भीती त्यालाही होती, पण मेघांक मरेल याची नव्हती. राहिलेली पानं पातळ होत चालली होती आणि सुवेलेचं नावही येत नव्हतं. लिहिणारा तिला खरंच विसरला असेल, तर साळूबाईच्या तोंडाकडे कसं बघायचं, ही ती भीती होती.

मेघांक शेवटच्या लढाईत पडला. उरलेले खलाशी 'हंसिनी' घेऊन घराकडे निघाले. त्या शुक्रवारी रियाजनं आपली भाषा बाजूला ठेवली आणि पुस्तकात होतं तसंच, बोट ठेवून वाचलं.

बंदराच्या तोंडाशी धुकं होतं आणि पाण्यात खडक. जहाज पुढं घालायची कुणाची छाती होईना. तेवढ्यात धुक्यातून एक होडी आली. होडीत एक म्हातारी बाई एकटी वल्हवत होती. तिनं खलाशांना मागोमाग यायला सांगितलं आणि खडकांमधून जहाज आत आणलं. धक्क्याला लागल्यावर तिनं विचारलं, नाखवा कुठं आहे. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिनं आपली होडी धक्क्याला बांधली. मग म्हणाली, आधी दोर टाका, ओहोटी लागलीय. पुढं लेखकानं लिहिलं होतं की मेघांक गेल्यापासून या बंदरात आलेलं प्रत्येक जहाज सुवेलेनंच आत आणलं होतं. कथेतली किती जहाजं इथून सुखरूप गेली-आली, पण आणणाऱ्या बाईचं नाव कुणी विचारलं नव्हतं.

सखूबाई दारात उभी होती. साळूबाईनं ते पान पुन्हा वाचायला सांगितलं. रियाजनं वाचलं.

"इसरला न्हवता त्यो," ती म्हणाली.

कुणाबद्दल बोलतेय ते रियाजच्या लगेच ध्यानात येईना. मग तिनंच सांगितलं.

"लिवणारा. एवढी वर्सं, एवढी मानसं, साप, राजं. पर बाई ध्येनात ठिवली त्यानं. लई उपकार झालं." मग तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "आन् तू हितवर आनलंस."

इतकी वर्षं रियाजला वाटत होतं की वेळ जावा म्हणून आपण गोष्टी सांगत आलो. दहावी नापास माणसाचं कुणी एवढं मन लावून ऐकलं, आणि पुढचं ऐकायला जीव धरून वाट पाहिली. याबद्दल आभार कुणाचे मानायचे ते त्याला कळेना. त्यानं मनात अल्लाचं नाव घेतलं, मग त्या कधी न पाहिलेल्या लेखकाचं.

सखूबाईनं चहा आणला. बशीतला चहा संपवून तो उठला आणि पुढच्या शुक्रवारी येऊ का, म्हणून विचारलं. साळूबाई म्हणाली, ये की, पुस्तक लागतंच असं कुठंय.

रिक्षा सुरू करून त्यानं आरशात पाहिलं. म्हातारी कुंपणापाशी येऊन उभी असेल, असं त्याला वाटलं होतं. साळूबाई खाटेवरून उठून अंगणात रस्त्याकडे पाठ करून बसली होती. उन्हं उतरायला लागली होती, आणि ती वाळत घातलेले पावटे सुपात भरत होती.