बरणीभर खारं पाणी

दवाखान्याच्या संडासात कडी लावून लॉर्न हॅस्केट काकडीच्या लोणच्याचं खारं पाणी घटाघटा प्याला. अख्खी बरणी! एके काळी व्हिस्की अशीच लपून प्यायचा. पण करतो काय? दोन औषधं एकत्र दिली तर दारूची तलफ मोडते का, याची अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात चाचणी चालली होती, आणि एकेचाळीस दिवसांत लॉर्नला थेंबाचीही आठवण झाली नव्हती. तीस वर्षांत पहिल्यांदा! फक्त त्या गोळ्यांनी रक्तदाब घसरायचा. उभ्यानं मोजताना नव्वदच्या खाली गेला, की चाचणीतून बाहेर. मागच्या खेपेला ब्याण्णव होता. मिठानं तो चढतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

"उभे राहा, हॅस्केट." ओडेसा सिस्टरनं दंडाला पट्टा आवळला.

"एकशे चार! ठणठणीत आहात की."

"मग सुटलो?"

"सुटताय कसले! दाब चांगला, म्हणजे नियमाप्रमाणे आजपासून डोस दुप्पट." तिनं नवी पाकिटं पुढे सरकवली.

लॉर्नच्या तोंडचं पाणीच पळालं. आहे त्या डोसवरच काल कामावर, जहाजं ओढणाऱ्या टगबोटीच्या शिडीवर, डोळ्यांपुढे अंधारी आली होती. गप्प बसावं, तर एक दिवस सरळ समुद्रात. शिवाय त्याच्या खोट्या आकड्यावर उद्या दुसऱ्या कुणाला हाच डोस देतील. बोलावं, तर गोळ्या गेल्या. आणि गोळ्या गेल्या की पुन्हा ती बाटली! मेलेलं परवडलं. पण त्या दुसऱ्याचं काय?

"सिस्टर, मी लोणच्याचं पाणी प्यालोय. बरणीभर."

ओडेसा बघतच राहिली. "दारूबद्दल थापा मारणारे ढीगभर बघितले. लोणच्याची कबुली देणारे तुम्ही पहिलेच, बाबा!" तिनं पाकिटं मागे ओढली. "उद्या सकाळी या. बरणीशिवाय."

दुसऱ्या दिवशी आकडा आला चौऱ्याऐंशी. गोळ्या कमी करत आठवड्याभरात बंद करा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

बाहेर गाडीत बायको, डॅग्नी, वाट बघत होती. "काय झालं रे?"

'पास झालो' अगदी ओठांवर आलं होतं.

"गोळ्या बंद होणार," तो म्हणाला, आणि त्याला रडूच फुटलं. "मला भीती वाटते गं."

डॅग्नीनं गाडी सुरू केली.

"पुलाकडून घे. दारूच्या दुकानावरून नको."

"लांब पडेल."

"पडू दे."