मागच्या सीटचं माप

"तू असं कर, तू बसने ये," मास्तर म्हणाले. "मी गाडीने येतो. ताईकडे भेटूच की आपण."

मी एका कोटाला बटणं लावत होते. सुई कोटात जायची ती सरळ बोटात गेली. आणि हा माणूस कापडावर खडूने रेघ ओढत होता, जसं काही विशेष बोललाच नाही!

मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते म्हणून मीही म्हणते, चिडले की मात्र 'अहो' म्हणते. खाली दुकान, वर घर. कापणं आणि मशीन त्यांच्याकडे. हातशिलाई, हुक, बटणं, इस्त्री माझ्याकडे. तेहेतीस वर्षं आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलोय.

लग्नानंतरची पहिली चार वर्षं आमच्याकडे मोटारसायकल होती. सुट्टीच्या दिवशी मी मागे बसायची, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आणि रस्ता संपेपर्यंत जायचो. मग ती विकली आणि तिच्या जागी इंटरलॉकचं मशीन आलं. मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. ह्यांनीच आपण होऊन कबूल केलं होतं, ह्यांना साठ पूर्ण झाली की दुकान महिनाभर बंद, जुनी का होईना गाडी घ्यायची, आणि माझ्या ताईकडे जायचं, वाटेल तिथे थांबत. ताई डोंगरापलीकडे राहते, दोन दिवसांची वाट. एवढ्या वर्षांत मी तीनदा गेले, तिन्ही वेळा बसने, मांडीवर बॅग घेऊन, न उघडणाऱ्या खिडकीशेजारी. त्या मागच्या सीटची मी किती वर्षं वाट बघितली ते माझं मला ठाऊक. आणि आता हे म्हणतात, बसने ये!

सगळा दोष त्या लाल गाडीचा.

पुलापलीकडे जुन्या मोटारसायकली विकणारा एक जण आहे. त्याला सगळे वकील म्हणतात, कारण आवारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीची तो बाजू मांडतो. आदल्या दिवशी आम्ही तिथे गेलो, तर आमच्या ऐपतीत बसणाऱ्या त्याच्याकडे दोनच गाड्या निघाल्या. एक राखाडी, लांबच्या प्रवासाची. समोर उंच काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि मागची सीट अशी ऐसपैस की बसून मटार सोलावेत. पाठीला टेकूसुद्धा! दुसरी ही लाल. पळायच्या तयारीत असल्यासारखी पुढे झुकलेली, हँडल पार गुडघ्यांपाशी, आणि मागची सीट म्हणजे टाचण्या टोचायची उशी. तीही एवढ्या उंचावर की मी बसले असते तर मास्तरांच्या डोक्यावरून रस्ता बघितला असता.

"ही राखाडी शांत आहे," वकील म्हणाला. "दिवसभर चालवा, कंबर बोलणार नाही. आधीचा मालक डॉक्टर होता."

"आणि ही?" मास्तरांनी लालकडे बोट केलं.

"हिचं काय सांगू! ही सगळ्यांना झेपत नाही. अंग सडपातळ लागतं."

झालं! त्या मेल्याला काय माहीत त्याने कुठे काडी लावली ते. मास्तरांनी छाती पुढे काढली. "माझी कंबर बत्तीस," ते म्हणाले. "लग्नात बत्तीस होती, आज बत्तीस आहे. साठ पूर्ण झाल्यावर. एकाच नमुन्यावर पँट कापतो मी."

वकिलाने ह्यांच्या पोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. मास्तरांची कंबर साडेअडतीस आहे.

दुकानात खिळ्याला एक खाकी कागदाचा नमुना टांगलेला आहे, ह्यांच्या स्वतःच्या पँटचा, लग्नाच्या वर्षी कापलेला. दुसऱ्याचं माप घेताना हे अर्ध्या इंचासाठी जीव खातील, पण स्वतःला आयुष्यात टेप लावलेली नाही. नमुना कापडावर ठेवायचा, कापायचं, शिवायचं, आणि हुक-बटणासाठी माझ्याकडे टाकायचं. एकोणीस वर्षांपूर्वी अशीच एक नवी पँट ह्यांच्या कमरेला बसेना. तो हंगाम वाईट गेला होता, दोन मोठी गिऱ्हाइकं तयार कपड्यांच्या दुकानात गेली होती. हे पँट हातात धरून पलंगावर बसले आणि म्हणाले, "संपलो मी." नुसत्या एका पँटवरून! मला ते बघवलं नाही. म्हटलं, आणा इकडे, हुक चुकीच्या जागी लागलाय. खाली नेली, मागची शिवण उसवली, आतलं सगळं मार्जिन, म्हणजे शिवणीत दुमडून ठेवलेलं जादा कापड, सोडलं. सकाळी पँट फिट बसली. ह्यांचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या वर्षी मी पुन्हा तेच केलं.

पुढे मार्जिन पुरेना. मग मी मागे बेल्टखाली एक तिकोनी तुकडा घालायला लागले, आम्ही त्याला कळी म्हणतो. दरवर्षी कळी थोडी मोठी. वर शर्ट सोडलेला असतो, कोणाला दिसतंय! टेलरला अख्ख्या गल्लीच्या पाठी पाठ असतात, पण स्वतःची पाठ काही बघता येत नाही. आणि कळी मी कच्च्या टाक्यावरच घालायची, कारण सहा महिन्यांनी पुन्हा उसवून वाढवायची असायची. माझं मात्र असलं काही नाही हं. माझे ड्रेस हेच शिवतात, आणि मापाच्या वहीत माझा आकडा लग्नापासून तोच आहे. मी अधूनमधून ते पान उघडून बघतेसुद्धा.

म्हणून 'तू बसने ये' ऐकल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक वाक्य बोलले असते की काम झालं असतं. अहो, तुमची कंबर अडतीसच्या पुढे गेलीय, त्या लाल गाडीवर तुम्ही वाकूच शकणार नाही! लाल गाडी गेली असती, राखाडी आली असती, माझी सीट मला मिळाली असती. जिभेवर आलं होतं. पण मला तो पलंग आठवला, ती हातातली पँट आठवली. मी बोटातलं रक्त चोखलं आणि पुढचं बटण घेतलं.

"बसने जमेल ना?" ह्यांनी पुन्हा विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता, एवढं कबूल करते.

"जमेल हो. बॅगेला तेवढी सोबत होईल माझी."

दुसऱ्या दिवशी लाल गाडी चालवून बघायची होती. त्यासाठी मास्तरांनी खास नवी काळी पँट शिवली, घट्ट, पोरांसारखी. संध्याकाळी माझ्याकडे टाकली, सकाळी हवी म्हणाले. काळ्या कापडाचा तुकडा काही शिल्लक नव्हता. घाईघाईत हाताला लागेल त्याची कळी घातली, पिवळ्या फुलांच्या पडद्याचं कापड होतं ते. म्हटलं, शर्टाखाली जाणार आहे. पण सकाळी बघते तर ह्यांनी शर्ट खोचलेला, वर आखूड जाकीट!

"शर्ट बाहेर काढा," मी म्हटलं.

"अगं, अशा गाडीवर शर्ट उडतो."

"उडू दे."

"जळतेस तू," ते हसून म्हणाले. आणि मी, जिने रात्रभर डोळे फोडून ती कळी घातली होती, ती मुकाट्याने मागे चालायला लागले, अगदी चिकटून, वकिलाच्या आवारापर्यंत.

वकिलाने लाल गाडी पुसून ठेवली होती. शेजारच्या गॅरेजमधले दोघं चहाचे कप घेऊन बघायला उभे राहिले. मास्तरांनी पाय टाकला. इथपर्यंत ठीक होतं. मग ते हँडलकडे वाकायला लागले.

"अहो, वाकू नका!" मी ओरडले.

"वाकल्याशिवाय चालवू कशी?"

"नका म्हणते ना! जपून!"

"ही बघा, हिला वेगाची भीती वाटते," ते वकिलाला म्हणाले, आणि दोन्ही हातांनी हँडल पकडून पुरते खाली गेले.

आवाज मोठा नव्हता. टर्र झालं आणि थांबलं. कच्चा टाका असाच जातो, एक सुटला की पाठोपाठ सगळे. मास्तर तसेच वाकलेले राहिले. मागे काळ्या पँटच्या मधोमध पिवळी फुलं उघड्यावर लोंबत होती. गॅरेजवाल्यांपैकी एकाने कपात तोंड घातलं. वकिलाची बोलती बंद झालेली मी पहिल्यांदा बघितली.

मास्तरांनी हात मागे नेला. चाचपलं. बोटांनी कडेची शिवण ओळखली, तेहेतीस वर्षं बघितलेला टाका. मग हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"हे तू घातलंस?"

मी मान हलवली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माझा चेहरा फार वाईट दिसतो.

जाकीट कमरेला बांधून घरी आलो. वर जाऊन ह्यांनी कपाटातल्या सगळ्या पँट खाली आणल्या, एकेक उलटी केली, आणि उसवायच्या सुरीने एकेक कळी काढून कापायच्या टेबलावर मांडायला लागले. लहान, मोठी, त्याहून मोठी. कापडं बघून ओळखत होते. "हे बँकवाल्याच्या सुटातलं. हे तुझ्या भाचीच्या कोटातलं." मी समोर उभी राहून सुई टोचल्यासारखी प्रत्येकाला दचकत होते.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"गावभर सांगत फिरलो मी. बत्तीस, बत्तीस. तू ऐकत होतीस."

"तुम्ही तेव्हा 'संपलो' म्हणाला होतात," मी म्हटलं. "मला सहन झालं नाही. काय करणार होते मी? आणि काल तुम्ही मला बसने जा म्हणालात, तरी मी बोलले नाही. एवढं वाईट वाटलं मला, तरी नाही बोलले."

मास्तरांनी शेवटची कळी टेबलावर ठेवली. मग गळ्यातली टेप काढून माझ्या हातात दिली. "घे माप."

ते आरशासमोर उभे राहिले, गिऱ्हाईक उभं राहतं तसेच. छाती वर, पोट आत, डोळे छताकडे. मी टेप फिरवली आणि जे ते दिवसातून दहा जणांना सांगतात तेच सांगितलं.

"श्वास सोडा."

नाही सोडला.

"मास्तर, श्वास सोडा. कापड फसत नाही."

त्यांनी सोडला. माझ्या हातात टेप सरकली. साडेअडतीसवर थांबली. मी आकडा सांगितला, त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, खिळ्यावरचा खाकी नमुना काढला आणि घडी घालून खणात ठेवला. मग पेन्सिल कानामागे लावून म्हणाले, "आता तुझं."

"माझं कशाला? माझं बदललंय कुठे? वहीत बघा."

त्यांनी दोरीवरचा माझा निळा ड्रेस काढला, उलटा केला, अस्तराची कड दोन बोटं उसवली आणि माझ्यापुढे धरला. बगलेपासून खाली, दोन्ही बाजूंना, चार बोटं रुंद पट्टी. त्याच कापडाची, रेघेला रेघ जुळवलेली, मशीनची बारीक दुहेरी शिलाई. तो ड्रेस मी शंभरदा इस्त्री केला होता. मला काही म्हणता काही दिसलं नव्हतं.

मी स्टूल ओढून बसले.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"बावीस." मग त्यांना राहवलं नाही. "माझी शिलाई पक्की असते. उसवत नाही."

"अहो!" मी म्हटलं. टेबलावरच्या कळ्या उचलून त्यांच्या अंगावर फेकल्या, आणि मग आम्ही दोघं एवढे हसलो की एक गिऱ्हाईक आलं ते पायरीवरूनच परत गेलं.

रात्री माझंही खरं माप वहीत चढलं, आणि सकाळी आम्ही टेप आणि वही घेऊन वकिलाकडे गेलो. मास्तरांचा शर्ट बाहेर होता. लाल गाडीजवळ ते क्षणभर थांबले, टाकीवरून एकदा हात फिरवला, तेवढं मी त्यांना करू दिलं. मग राखाडी गाडीच्या सीटला टेप लावली, पुढची आणि मागची, आणि वहीतले आमचे खरे आकडे शेजारी लिहिले. वकील तिची बाजू मांडायला लागला तसं मास्तर म्हणाले, "गप्प बसा, मी मोजतोय."

मग ते बसले, ताठ, हात सहज हँडलवर. मी फूटरेस्टवर पाय देऊन मागे चढले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा पूर्वीपेक्षा रुंद झाला होता.

"बसलीस नीट?"

"बसले."

"जागा पुरते?"

मी मागे टेकूकडे हात नेऊन चाचपलं. "चार बोटं मार्जिन उरतंय."

"राहू दे," मास्तर म्हणाले आणि गाडी सुरू केली. "लागेल."