गटार आणि काबूलचा पाट

"पानी मैंने रोका क्या? पानी अपने आप रुका है," ताहिरभाई म्हणाले, आणि कौसल्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पोलीस चौकीच्या अंगणात मोहल्ला कमिटी बसली होती. मे महिन्याची संध्याकाळ, अंगात चिकट घाम, आणि विषय गटाराचा. चाळीचं सांडपाणी ताहिरभाईंच्या लूमच्या कारखान्याच्या दारावरून जायचं. गटार फुटलं, पाणी लूममध्ये शिरलं, सुताची बाचकी भिजली. ताहिरभाईंनी वैतागून दारात विटा रचल्या आणि वर सिमेंट थापलं. आता तेच पाणी उलटं फिरून चाळीतल्या मोऱ्यांतून वर येत होतं. पण विटा जणू स्वतःच्या पायांनी चालत येऊन तिथे बसल्या असाव्यात, असा ताहिरभाईंचा चेहरा होता.

"अपने आप?" दामू उसळला. दामू वीज मंडळात कारकून आणि चाळीचा बिनपगारी पुढारी. "आमच्या मोरीतून घाण वर येतेय. बायकांनी भांडी कुठे घासायची, तुमच्या लूमवर?"

"और मेरा माल भीगा उसका क्या? तू भरेगा?"

"चहा घ्या, चहा घ्या," हरी हवालदार म्हणाले. त्यांच्याकडे सगळ्या रोगांवर हे एकच औषध होतं.

कौसल्याबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत ही गल्ली जळाली, तेव्हा दवाखान्यात आलेल्या जखमा त्यांनी हातांनी धुतल्या होत्या. पुढे पोलिसांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या काढल्या, तेव्हा त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही, सरळ नाव घातलं. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांच्या हातची इंजेक्शनं घेतली होती, एवढी लायकी पुरली. तेव्हापासून कोणाची बकरी कोणाच्या दारात, कोणाचा भोंगा किती मोठा, हेच ऐकत त्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. आज मात्र दामूने शेवटचं पान टाकलं.

"ठीक आहे. रविवारी ठाण्याहून आमचे पक्षाचे साहेब येतायत. पोरं घेऊन. मग बघू विटा कशा राहतात."

"तो आने दो. मेरे साले ने बम्बई में बात की है. हमारे भी साहब आ रहे हैं. उसी दिन."

हरी हवालदारांचा कप बशीत आपटला. कौसल्याबाई उठून उभ्याच राहिल्या.

"अरे, मूर्खांनो, ऐका माझं! मी काबूलला नोकरीला होते, ठाऊक आहे ना? सरकारनं पाठवलं होतं. तिथे आमच्या इस्पितळात गुलाम नावाचा स्वयंपाकी होता आणि रहीम ड्रायव्हर. सख्खे साडू, घराला घर लागून. भांडायचे कशावरून? दारातल्या पाटाच्या पाण्यावरून. तुझी पाळी की माझी पाळी. सकाळी शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी एका ताटात जेवायचे. मग तिथल्या अध्यक्षाला मारून कम्युनिस्ट पार्टीचं राज्य आलं. गुलाम पार्टीत गेला. पार्टीनं पाट त्याच्या बाजूला वळवून दिला आणि हातात बंदूक दिली. बंदूक रशियाची. रहीम चिडून डोंगर ओलांडून पेशावरला गेला, तोही बंदूक घेऊन आला. त्या बंदुकांचे पैसे पुढे अमेरिकेनं भरले. भांडण दोघांचं, पण बंदूक एकाची तरी होती का? मग रशियाचे रणगाडे आले आणि आम्हाला विमानात घालून परत पाठवलं. आता गेल्या महिन्यात काबूल पडलं, रेडिओवर ऐकलंत. बंदुका देणारे सगळे आपापल्या घरी गेले, आणि ते लोक अजून एकमेकांवर गोळ्या झाडतायत!"

एवढं लांबलचक त्या कधी बोलल्या नव्हत्या. एका पाटावरून सगळा देश पेटला नाही, हे त्यांनाही कळत होतं. जमिनी होत्या, धर्म होता, पार्टीतच दोन तट होते, कितीतरी होतं. पण गल्लीगल्लीत असा एखादा पाट होताच, आणि त्याच्या काठावर बंदूक द्यायला कोणीतरी परका उभा होता. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांना वाटलं, पोचलं.

"बघा!" दामू मांडीवर थाप मारून म्हणाला. "म्हणजे पेशावर आलंच ना मध्ये! शेवटी पाकिस्तानच!" आणि त्याने ताहिरभाईंकडे पाहिलं.

ताहिरभाई ताडकन उठले. "मेरी तरफ देख के क्यूँ बोला? मेरा पाकिस्तान से क्या लेना? मेरा दादा इधर हातमाग पे बैठता था! और सिस्टर, मैं रहीम क्यूँ? उसको रहीम बोलो ना!"

"मी कुठे म्हटलं तुम्ही रहीम?"

"फिर गुलाम कौन? मैं?"

"बाई," हरी हवालदार केविलवाण्या आवाजात म्हणाले, "गटाराचं चाललं होतं. तुम्ही रशिया कशाला आणला मध्ये?"

बैठक मोडली ती मोडलीच. कौसल्याबाई तणतणत घरी आल्या. स्वतःचाच इतका राग आला होता की चपलाही नीट काढल्या नाहीत. मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि परसात उभ्या राहिल्या.

परस म्हणजे काय, दोन खाटांएवढी जागा. कोंडूने, त्यांच्या नवऱ्याने, जाण्याच्या आदल्या वर्षी तिथे शहाबादी फरशी बसवली होती आणि कढीपत्त्याचं रोप लावलं होतं. रोपाचं आता झाड झालं होतं, आणि रोज संध्याकाळी ड्युटीवरून येऊन कौसल्याबाई त्याच्याखाली गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायच्या. त्यांच्या मालकीचं आभाळ काय ते एवढंच. आणि चाळीचं पाणी लूमचं दार टाळून थेट मोठ्या नाल्याला न्यायचं, तर वाट होती ती इथूनच. दामूला ते माहीत होतं, ताहिरभाईंना माहीत होतं. विधवेच्या परसातून गटार न्या असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि कौसल्याबाई त्या न म्हणण्याच्या आडोशाला निवांत बसल्या होत्या. त्या बराच वेळ झाडाकडे बघत राहिल्या. फार जड गेलं त्यांना.

सकाळी ड्युटीला जायच्या आधी त्यांनी दोघांना दारात बोलावलं.

"माझ्या परसातून न्या. ताहिरभाई, पाइप तुमचे. दामू, खणायला माणसं तुझी. रविवारच्या आत पाणी नाल्यात पडलं पाहिजे. आणि मला धन्यवाद-बिन्यवाद काही नको, डोकं दुखतंय माझं."

"बाई, पण वास..." दामू चाचरला.

"सिस्टर, कुछ और सोचते हैं," ताहिरभाई खाली बघत म्हणाले.

"सोचो. रविवारी साहेबांबरोबर सोचो. नाहीतर आत्ता कुदळ आणा!"

कुदळी आल्या. चाळीतली माणसं आणि लूमचे कामगार शिफ्ट बदलून बदलून खणत होते, आणि उतार इकडून धरायचा की तिकडून यावरून दामू आणि ताहिरभाई तेवढ्या जागेतही हमरीतुमरीवर येत होते. फरशा उचकटल्या गेल्या.

"बाई," दामूने खिडकीतून हाक मारली, "झाड आडवं येतंय."

"मग? त्याच्यासाठीपण ठाण्याहून साहेब आणायचाय?" त्या आतूनच ओरडल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तोडा." आणि कुऱ्हाडीचे घाव झाकायला पंख्याचा आवाज पुरेना म्हणून रेडिओ मोठा केला.

रविवारी दोन्ही साहेब आले. गल्लीच्या तोंडाशी जीपगाड्या एकमेकींपुढे अडल्या. ठाण्याचे साहेब उतरून म्हणाले, "कुठे आहे तो बांध?" बांध नव्हताच. लूमच्या कोरड्या दारात दोन कामगार विडी ओढत बसले होते.

"मिटलं, साहेब," दामू ओशाळून म्हणाला.

"मिटलं? मग आम्हाला कशाला बोलावलंत एवढ्या उन्हात?"

तिकडे मुंबईचे साहेबही ताहिरभाईंना हेच ऐकवत होते. दोघांनी हवालदारांचा चहा घेतला. जाताना दोघांनीही आपापल्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पुन्हा काही झालं तर कळवा, आम्ही आहोत. दामूने मान डोलावली. ताहिरभाईंनीही डोलावली. दारात उभ्या असलेल्या कौसल्याबाईंनी दोघांच्याही माना पाहिल्या आणि आत गेल्या.

त्यांनी स्टोव्हवर पाणी तापवलं, मीठ टाकलं, घमेलं उचललं आणि मागचं दार उघडलं. पाइपच्या सांध्यांतून वासाचा भपकारा आला तेव्हा त्यांना आठवलं, तिथे आता बसायला जागा नव्हती. दार लावून त्यांनी कडी घातली, खालच्या फटीला ओलं गोणपाट दाबलं आणि स्वयंपाकघरातच, बंद दाराकडे तोंड करून, सुजलेले पाय घमेल्यात सोडून बसल्या. संध्याकाळची भांडी घासायची वेळ होती. दारापलीकडून अख्ख्या चाळीचं पाणी खळखळत जात होतं, कुठे तुंबत नव्हतं.