खंडूची पडकई

सोमवारी सकाळी खंडू बाजारातून भाजी घेऊन आला, तर दारात भिंतीला टेकवून उत्तमची पहार उभी. टोकाला नव्यानं धार लावलेली, अंगाला तेलाचा हात फिरवलेला. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवून खंडू तिच्याकडे बघत राहिला.

"उत्तम ठिवून गेला," बायको चंद्रभागा आतून म्हणाली. "काकांना द्या म्हनला. च्या घे म्हनलं तर घेतला नाय. पहिल्या बसनं आलता, तसाच झाशीला माघारी गेला."

खंडू ओट्यावर बसला.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. लोखंडाची एक पहार, कुणीतरी कुणाच्या दारात ठेवली, झालं. पण खंडू आणि उत्तम दोघेही जुन्नरच्या पलीकडच्या डोंगरातले महादेव कोळी. दोघेही फौजेत गेले, दोघेही फिरत फिरत झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत पोचले आणि नोकरी संपल्यावर इकडेच राहिले. खंडू हवालदार होऊन साठीला टेकलेला, उत्तम अजून चाळिशीही न गाठलेला. उत्तमची ती पहार त्याच्या आज्याची. गावाहून येताना गाडीत पायाशी ठेवून आणलेली. त्या मुलखातला माणूस बैल विकेल, बायकोशी भांडेल, देवावरही रागवेल, पण आज्याची पहार तेल लावून दुसऱ्याच्या दारात ठेवून जायचा नाही. जायचाच झाला, तर परत घ्यायला येणार नाही म्हणूनच.

खंडूनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

उत्तमचं काही ठीक नाही हे त्याला ठाऊक होतं. झोप उडाली होती. गोदामावरची रखवालदारी सुटली होती. बायको पुष्पा दोन्ही पोरींना घेऊन माहेरी गेली, त्याला चार महिने झाले होते. गेले तीन रविवार तो पडकईलाही आला नव्हता.

पडकई हा शब्द इथं झाशीत कुणाला कळत नाही, म्हणून सांगतो. डोंगरउतारावर दगड रचून भाताचं खाचर करायचं तर ते एका घराचं काम नव्हे. म्हणून आज याच्याकडे सगळे, उद्या त्याच्याकडे सगळे. ज्याचं काम असेल त्यानं घरोघर जाऊन "उद्या माझी पडकई" एवढंच म्हणायचं. मग अंगात ताप असो की घरात पाहुणे असोत, जायचं. नाही म्हणायची रीत नाही. आणि बोलावल्याशिवाय? बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. न बोलावता जाणं म्हणजे त्याला सगळ्या गावासमोर सांगणं, की बाबा, तुला तुझं झेपत नाही.

हा दुसरा नियम दगडांपुरता होता तोवर ठीक होता. या शहाण्या माणसांनी तो मनालाही लावला.

खंडूनं बबीन्याच्या बाहेर माळाचा एक तुकडा घेतला होता आणि तिथं भाताचं खाचर करायचा त्याचा हट्ट होता. बुंदेलखंडाच्या त्या खडकात! शेजारचे लोक हसायचे, इथं दगडच उगवतात म्हणायचे. "हवलदार साहब, इहां तो पथराई ऊगत है." हसू देत. दर रविवारी त्यांच्या डोंगरातले सातआठ गडी झाशी-बबीन्याहून तिथं जमायचे, तासभर दगड उचलायचे आणि दोन तास बसायचे. दगड उचलून दमलेला पुरुष जे बोलतो ते घरात बोलत नाही. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाची बाटली सुटत नव्हती, कुणाला बंद खोलीत घाम फुटत होता. सगळं त्या बांधावर निघायचं. भात एकदाही पिकला नाही, पण चार वर्षांत त्यांच्यातला एकही माणूस गेला नाही.

चार वर्षांपूर्वी त्यांच्यातलाच रघुनाथ गेला होता. त्यानंच स्वतःला संपवलं. त्याच्या दहाव्यानंतर खंडूनं ही पडकई सुरू केली. सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरीणबाई एका रविवारी येऊन दगडावर बसल्या आणि सांगून गेल्या. संशय आला तर सरळ विचारा, विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. माणसाला एकटं सोडू नका. घातक असेल ते हाताबाहेर ठेवा आणि त्याला माझ्याकडे घेऊन या. सगळ्या गड्यांनी कवायतीत हुकूम ऐकावा तशा माना डोलवल्या होत्या.

आता मान डोलवणारा खंडू ओट्यावर बसून राहिला होता.

"जावा की मग," चंद्रभागा म्हणाली.

"त्यानं बोलिवलं नाय."

"रघुनाथनंबी बोलिवलं नव्हतं."

खंडूनं तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याला बोलू शकेल अशी जगात ती एकटीच होती, कारण ती गोष्ट जगात तिला एकटीलाच माहीत होती. तो उठला आणि त्यानं तानाजीला फोन केला.

तानाजी म्हणजे रघुनाथचा धाकटा भाऊ. तो टेम्पो चालवायचा, त्या दिवशी सुदैवानं बबीन्यातच होता. दहा मिनिटांत दारात आला. खंडूनं पहार उचलून मागं टाकली आणि पुढं त्याच्याशेजारी बसला.

"काका, काय झालं?"

"उत्तमनं आज्याची पहार माझ्या दारात ठिवली."

तानाजीनं पुढं काही विचारलं नाही. गाडीचा वेग तेवढा वाढला.

झाशीच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलेलं. मालगाडी जाता जाईना. डबे मोजायची खंडूची लहानपणापासूनची खोड, पण आज एकही डबा मोजला गेला नाही. पहिल्या बसनं आला म्हणजे तो केव्हाच घरी पोचला असणार. तेव्हापासून दोन तास झाले. दोन तासांत काय काय होतं, ते खंडूला माहीत होतं. ऊन चढलं होतं, टेम्पोचा पत्रा तापला होता.

"पुलिस को फोन करूं?" तानाजीला घाबरला की हिंदी सुटायची.

"आधी दार बघू. दहा मिनिटांत उघडलं नाय तर तू फोड. मग कुणालाबी फोन कर."

उत्तमची खोली शहरातल्या नगरा वस्तीत, अंबिकाबाईंच्या घरामागं. अंबिकाबाई झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. त्या अंगणाच्या फाटकापाशीच उभ्या होत्या.

"बरं झालं आलात जी. सकाळी परत आला तो सिधा आत गेला आणि कडी लावली. जायच्या आधी स्टोव्ह मला देऊन गेला होता. म्हणाला, मावशी, आता लागणार नाही. मी म्हटलं, अरे भैया, मग चहा कशावर करशील? तर नुसता हसला." त्यांनी मागच्या खोलीकडे बोट केलं. "मला ते हसणं बिल्कुल आवडलं नाही."

खंडूनं तानाजीला दोन पावलं मागं उभं केलं आणि दारावर हात मारला.

"उत्तम."

आतून काही नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, या वेळी मैदानावरच्या आवाजात. आत खाट करकरली.

आहे. जिवंत आहे. खंडूनं दाराच्या चौकटीला धरलं.

"काका, घरी जावा. मी ठीक हाय."

"दार उघड."

"मी बोलिवलं नाय कुणाला. बोलिवल्याबिगर कुणाच्या बांधावर जायचं नसतं. तुम्हीच सांगता ना?"

खंडूच्या तोंडात मारल्यासारखं झालं. चार वर्षं दर रविवारी मोठ्या तोंडानं सांगितलेली रीत दाराच्या फटीतून परत त्याच्याच अंगावर आली होती. तानाजी खांदा सावरून पुढं झाला. खंडूनं हात आडवा धरला. दार फोडायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ आत उत्तम एकटा होता.

"उत्तम, सरळ इचारतो. जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?"

मागं अंबिकाबाईंनी तोंडावर पदर घेतला. आत खाट पुन्हा करकरली.

"व्हय," उत्तम म्हणाला.

एवढाच शब्द. पण तो दाराजवळून आला. उत्तम खाटेवरून उठून दारापर्यंत आला होता.

खंडू दारापाशी जमिनीवर बसला. गुडघे वाजले. काय करायचं ते त्याला आत्ता कळलं होतं आणि ते करायला तो मनापासून भीत होता. कारण मागं दोन पावलांवर तानाजी उभा होता.

"मी तुझ्या बांधावर आलो नाय," तो म्हणाला. "तुला बोलवाया आलोय. आज माझी पडकई."

आतून उत्तम म्हणाला, "आज सोमवार हाय."

"असंना. माझं काम निघालंय. एक दगड हाय. चार वर्षं एकटा उचलतोय, उचलत नाय."

"कसला दगड?"

खंडूनं मागं वळून पाहिलं नाही. वळला असता तर बोलू शकला नसता.

"रघुनाथ गेला, त्याच्या आदल्या दिशी माझ्या दारात आलता. माझी कुदळ त्याच्याकडं व्हती, ती धुवून-पुसून परत द्याया आलता. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे की रे. तो म्हनला, नगं, तुमची तुमच्याकडं असू द्या. मला कळलं व्हतं, उत्तम. त्याचं तोंड बघूनच कळलं व्हतं. रातभर मला झोप आली नाय. दहा येळा चप्पल घातली आन्‌ काढली. त्यानं बोलिवलं नाय, मग कसं जायचं, त्याला काय वाटंल, असं म्हनत बसून ऱ्हायलो. सकाळी तानाजीचा फोन आला." त्यानं कपाळ दाराला टेकवलं. "म्हातारीबिगर मी कुणालाच सांगितलं नाय. त्याच्या भावालाबी नाय. पडकई काढली, लोक म्हनले हवालदार लय भला मानूस. भला कसला? भित्रा मानूस हाय मी. आज तुझी पहार बघितली तवा पुन्हा ओट्यावर बसलो व्हतो. म्हातारीनं उठिवलं."

मागं तानाजीचा श्वास ऐकू येत होता.

"हे एकट्याच्यानं व्हत नाय," खंडू म्हणाला. "म्हनून बोलवाया आलोय. नाय म्हन, मी जातो. पर तुझ्या आज्यानं कधी कुणाच्या पडकईला नाय म्हनलं आसंल, तर सांग."

खंडू आता रडत होता, सरळ, लहान मुलासारखा, आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. आयुष्यात त्यानं कुणाला कसली विनवणी केली नव्हती. आज करत होता.

कडी निघाली.

उत्तम दारात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पाया पडायला वाकावं तसा तो वाकला, आणि खंडूच्या काखेत हात घालून त्यानंच म्हाताऱ्याला उभं केलं.

"उठा काका," तो म्हणाला. "जमीन तापलीय."

खंडूनं त्याचं मनगट जे धरलं ते सोडलं नाही. "आत जे काय जवळ ठिवलंय ते तानाजीच्या हातात दे."

तेव्हा कुठं त्यानं वळून तानाजीकडे पाहिलं. तानाजीचा चेहरा दगडासारखा झाला होता. तो खंडूकडे न बघता दोघांना वळसा घालून आत गेला, उत्तमनं दाखवलं ते घेतलं, अंबिकाबाईंच्या हवाली केलं आणि ते नष्ट करा असं हिंदीत सांगून टेम्पोत जाऊन बसला.

"आधी दवाखाना," खंडू म्हणाला. "मग बांध."

"पडकईत डॉक्टर कुठनं आली?" उत्तम पुटपुटला. पण टेम्पोत चढला.

दवाखान्यात दुपार गेली. डॉक्टरीणबाई उत्तमशी तासभर एकांतात बोलल्या, गोळ्या दिल्या, गुरुवारी पुन्हा बोलावलं, आणि तोवर त्याला एकटं ठेवायचं नाही असं खंडूला दोनदा बजावलं. बाहेर उत्तमनं पुष्पाला फोन लावला. काय बोलणं झालं ते खंडूनं ऐकलं नाही. उत्तम भिंतीकडे तोंड करून बोलत होता आणि मध्येच पोरींची नावं घेत होता.

या सगळ्या वेळात तानाजी खंडूशी एक शब्द बोलला नाही. बबीन्यापर्यंतच्या वाटेवरही नाही. खंडूला वाटलं, एक वाचवला आणि एक गमावला. तानाजीनं टेम्पो थांबवून आपली गचांडी धरावी, दोन शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटत होतं. ती शांतता त्याला सोसत नव्हती.

माळावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. निरोप मिळाल्यावर चंद्रभागा फडक्यात भाकरी बांधून बांधाशी येऊन बसली होती. उत्तमला बघितलं आणि तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आता तरी च्या घेशील का?"

बांधाच्या टोकाला एक मोठा धोंडा कित्येक महिने अडून बसला होता. तानाजीनं टेम्पोतून पहार काढली आणि उत्तमपुढं धरली.

"तुझी हाय. तूच धर."

उत्तमनं ती घेतली. त्यानं पहारीचं टोक धोंड्याखाली घातलं. एका बाजूला खंडू वाकला. दुसरी बाजू रिकामी होती. तानाजी थोडा वेळ लांब उभा राहिला, माळाकडे बघत. मग येऊन त्यानं धोंड्याला हात घातला. तिघांनी जोर केला. धोंडा हलला, कलंडला आणि बांधावर जाऊन बसला.

तानाजीनं हात झाडले. पहिल्यांदाच त्यानं खंडूकडे पाहिलं. त्या डोळ्यांत माफी नव्हती. राग होता, चार वर्षांचं रडू होतं, आणि खंडूनं नजर खाली केली नाही.

"उद्या माझी पडकई," तानाजी म्हणाला. "माझ्या घरी. उत्तम, तू ये." तो थांबला. "काका, तुम्हीबी."

खंडूला वाटलं होतं की इथून पुढं तानाजीच्या दारात आपल्याला उभं राहता येणार नाही. बोलावल्याशिवाय तर नाहीच नाही.

"येतो," तो म्हणाला.